काकूंच्या गळ्यातली गाठ

मला गप्प बसता येत नाही. नागपूरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होते तेव्हा हा गुण समजला जायचा. पंचेचाळीस मिनिटं न थांबता बोलायचे आणि शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी राहायची. न्यू जर्सीत आल्यावर सात वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरी बसले, तेव्हा हाच गुण घरच्यांना जड जायला लागला. नवरा ऑफिसातून आला की त्याला दारातच पकडायचे. मुलगी तर सरळ म्हणायची, "आई, यू आर नॅरेटिंग अगेन." वर्क परमिट हातात आलं तोवर मी चाळिशीला टेकले होते, आणि जगातल्या इतक्या कामांतून मी निवडलं ते सोनोग्राफीचं. समोर स्क्रीनवर सगळं दिसत असतं आणि त्यातलं एक अक्षर तोंडातून काढायचं नसतं, असं हे काम.

हा नियम आपल्याकडच्या लोकांना विचित्र वाटतो, म्हणून आधी सांगून टाकते. आपल्याकडे सोनोग्राफी डॉक्टरच करतात, बघतात आणि बहुतेक वेळा तिथल्या तिथे सांगून मोकळे होतात. इथे चित्रं काढते ती टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे दोन वर्षं कॉलेजात आणि हॉस्पिटलात शिकून तयार झालेली माझ्यासारखी कुणीतरी. ती चित्रं दुसऱ्या खोलीत बसलेला रेडिऑलॉजिस्ट बघतो आणि रिपोर्ट लिहितो. मधल्या वेळात पेशंट टेबलावर पडून तुमच्या तोंडाकडे बघत असतो. वाईट दिसलं तर सांगायचं नाही, आणि चांगलं दिसलं तरीही सांगायचं नाही. "तुमचे डॉक्टर रिपोर्ट सांगतील," हे एकच वाक्य आम्हाला दिलेलं असतं.

आमची क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, म्हणजे हॉस्पिटलात प्रत्यक्ष काम शिकवणारी, साठीच्या आसपासची, उंच, कृष्णवर्णीय बाई. तीस वर्षं पेशंटच्या अंगावर फिरवायचा प्रोब धरून तिचा उजवा खांदा कायमचा धरलेला. पहिल्याच आठवड्यात ती स्वतः टेबलावर आडवी झाली आणि आम्हा सहा जणींना एकेक करून मशीनसमोर उभं केलं. स्क्रीनवर तिने आधीच भयंकर चित्रं लावून ठेवली होती. आम्ही ती बघायची आणि तिने आमचे चेहरे बघायचे. माझी पाळी आली. मी स्क्रीनकडे पाहिलं, आणि ती छताकडे बघत म्हणाली, "मी मरतेय, हे मला आत्ताच तुझ्या भुवईनं सांगितलं." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मनातून चिडले होते. वर्गात बोलणं थांबवायला मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं, आता भुवया हलवायच्या नाहीत म्हणे!

बाकी अभ्यासाचं म्हणाल तर ध्वनिलहरींचं फिजिक्स मला तोंडपाठ होतं. पंचवीस वर्षांच्या मुली त्या पेपरच्या नावानं घाबरायच्या आणि मी त्यांना कॅफेटेरियात नॅपकिनवर आकृत्या काढून शिकवायचे. हात मात्र माझं ऐकत नव्हता. प्रोब जरा तिरका झाला की मूत्रपिंड गायब, जरा दाबला की पेशंट ओरडणार. पित्ताशय तर बरगड्यांमागे असं लपून बसायचं की मला वाटायचं, या माणसाला ते नाहीच. शनिवारी कॉलेजची लॅब सरावाला उघडी असायची आणि घरच्यांना मॉडेल म्हणून आणता यायचं. नवरा बिचारा उपाशीपोटी यायचा. पोटभर जेल थापून घ्यायचा, श्वास धर म्हटलं की धरायचा, सोड म्हटलं की सोडायचा. आमच्या एडिसन गावात सगळ्यात जास्त फोटो काढलेलं पित्ताशय त्याचंच असणार. तीन महिने गेल्यावर एक दिवस हात आपला आपण वळला आणि पित्ताशय स्क्रीनच्या मधोमध आलं, काळंभोर आणि स्वच्छ. मी इतकी जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरचं कुणाचं तरी बाळ रडायला लागलं.

आज हे सगळं मी हसत सांगू शकते. दुसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये जे झालं ते सांगताना मात्र मला अजूनही खुर्चीत सावरून बसावं लागतं.

शुक्रवारची सकाळ होती. यादीत थायरॉईडची सोनोग्राफी होती आणि नाव मराठी. पेशंटची सून बाहेर बसली होती. आत आल्या त्या सहासष्ट वर्षांच्या काकू, नायलॉनची साडी, पायात स्नीकर्स, वर मुलाचं गुडघ्यापर्यंत येणारं जॅकेट. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून इन्स्ट्रक्टरनं दुभाष्याच्या सेवेला फोन लावला. मराठी म्हटलं की पलीकडचे लोक आधी हिंदी चालेल का विचारतात आणि मग होल्डवर टाकतात. पाच मिनिटं संगीत ऐकून झाल्यावर इन्स्ट्रक्टर मला म्हणाली, "तू तिला फक्त नीट झोपायला सांग. मान मागे, हलायचं नाही, गिळायचं नाही. एवढंच. बाकी काही असेल तर दुभाषी आल्यावर."

"काकू, इथे खांद्याखाली उशी घ्या आणि मान मागे टाका," मी म्हटलं.

काकूंनी मान मागे टाकली आणि लगेच परत वर केली. "अव माय! मराठी हायेस तू?" मग त्यांनी एकेक अक्षर जुळवत माझ्या बॅजवरचं आडनाव वाचलं, आणि चेहरा एकदम सैल पडला. "जयभीम, बाई. कुठली व तू?"

"जयभीम. नागपूरची."

"मी उमरेडची. सहा महिने झाले येऊन. कोणाशी बोलाव म्हटलं तं कोणी नाही."

मला काय झालं ते सांगते. त्या अंधाऱ्या खोलीत, मशीनच्या घरघरीत, उमरेडची बोली ऐकून मी विरघळले. मी विद्यार्थिनी आहे, त्या पेशंट आहेत, मागे इन्स्ट्रक्टर उभी आहे, हे सगळं मला कळत होतं. पण डोक्यात मी एका मावशीच्या घरी ओट्यापाशी उभी होते.

प्रोब गळ्यावर ठेवला. डावा भाग साफ. उजवीकडे सरकले आणि ती दिसली. गाठ. थायरॉईडमध्ये गाठी पुष्कळांना असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात, हे आम्ही शिकलो होतो. कुठल्या गाठींकडे नीट बघायचं तेही शिकलो होतो. ही रुंदीपेक्षा उंच होती आणि तिच्यात पांढरे बारीक ठिपके होते. पुस्तकात ज्या पानाला मी पिवळी चिठ्ठी लावून ठेवली होती, ते पान माझ्यासमोर होतं.

तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं. "कॅन्सर तं नाही ना व? खरं सांग."

"काही नाही हो काकू," मी म्हटलं. "सगळं ठीक आहे. तुम्ही निवांत पडून राहा."

आता तुम्हीच सांगा, आपल्यात हे कोण म्हणत नाही? तापानं फणफणलेल्या माणसाला आपण हेच म्हणतो. ऑपरेशनला नेताना म्हणतो. ज्याचा भरवसा डॉक्टरांनीच सोडलाय त्याच्या उशाशी बसूनही हेच म्हणतो. हे न बोलता आमच्याकडचा माणूस हॉस्पिटलच्या खोलीतून बाहेरच पडत नाही. त्यात खरं-खोटं काही नसतं, असं मला वाटत होतं. काकूंनी मनगट सोडलं, डोळे मिटले आणि मी चित्रं काढली, मापं घेतली. मग इन्स्ट्रक्टरनं प्रोब हातात घेऊन सगळं पुन्हा तपासलं, कारण विद्यार्थिनीच्या कामावर रिपोर्ट लिहीत नाहीत. काकू जाताना माझ्या गालावरून हात फिरवून "येतो बाई" म्हणाल्या.

"काय विचारत होती?" इन्स्ट्रक्टरनं जेलची बाटली पुसत विचारलं.

"घाबरली होती. हलू नका म्हटलं," मी म्हणाले. त्या सकाळचं हे दुसरं खोटं.

तीन आठवडे गेले. एप्रिलमधली जयंती इथे हॉल मिळेल त्या शनिवारी होते. त्या वर्षी शाळेचा कॅफेटेरिया मिळाला होता. निळे झेंडे, बुद्धवंदना, मग पोरांची इंग्रजीतली भाषणं, आणि सगळ्यात शेवटी ज्याच्यासाठी निम्मी माणसं येतात ते जेवण. मी रांगेत उभी होते, पुढे नवरा. मागून कुणीतरी दंड पकडला. काकू होत्या, हातात स्टीलचा डबा. त्यात सांबारवड्या. कोथिंबिरीला आम्ही नागपूरकडे सांबार म्हणतो, आणि ती तळलेली वडी माझा जीव की प्राण. माझं तोंड उघडायच्या आत काकूंनी शेजारच्या चार बायकांना बोलावलं.

"हेच ते पोट्टी," काकू म्हणाल्या. "त्या डॉक्टरनं तं मले घाबरवूनच टाकलं होतं. म्हणे गळ्यात सुई टोचून तपासाव लागते. मी सुनेले म्हटलं, कॅन्सल कर. आपली पोट्टी मशीनवर पाहून सांगते का सगळं ठीक हाय, तं त्याईचं कायले ऐकाव?"

बोलता बोलता त्यांनी डबा माझ्या हातात कोंबला. तो अजून गरम होता.

"काकू, असं करू नका," मी म्हटलं. "मी अजून शिकतेय. माझ्या बोलण्याला काही अर्थ नाही. डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग करून घ्या."

"पाय, कशी लाजून राहिली," काकू बायकांना म्हणाल्या. "येवढी शिकली, पण गर्व नाही पोट्टीले."

"लाजत नाहीये काकू, खरंच सांगतेय. मला त्यातलं कळत नाही."

"आमची मुलगी पण अशीच," एक बाई म्हणाली. "डॉक्टर झाली तरी म्हणते, मला काही येत नाही."

मी जितकं नाही म्हणत होते तितकी मी थोर ठरत होते. 'मला गाठ दिसली होती' असं तिथे पंगतीत सांगणं तर शक्यच नव्हतं. कुणाची तपासणी झाली एवढंही आम्हाला खोलीबाहेर बोलायला मनाई आहे. शेवटी पार्किंगमध्ये सुनेला गाठलं. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, कडेवर झोपलेलं मूल.

"त्यांची अपॉइंटमेंट परत घ्या. प्लीज," मी म्हटलं.

"ताई, मी किती समजावलं त्यांना. पण त्या तुमचंच नाव घेतात, यार. मला काही सुचत नाही." मग ती थांबली. "तुम्हाला काही दिसलं का तेव्हा?"

"मला सांगता येत नाही. डॉक्टरांशी बोला."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझा चेहरा तिला काय म्हणाला कोण जाणे. मूल जागं झालं आणि ती गाडीकडे गेली.

घरी येताना गाडीत मी एक शब्द बोलले नाही, त्यावरूनच नवरा काय ते समजला. रांगेतलं सगळं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"तू सूनबाईला सांगितलंस ना? मग झालं," तो म्हणाला. "वाटलं तर आणखी एकदा फोन कर. कॉलेजला कशाला कळवायचं? दोन महिने राहिलेत तुझे."

"फोन करून काय सांगू? मी सांगितलेलं ऐकू नका, हे मीच सांगू? ऐकलंस ना आत काय झालं ते?"

"अगं, काढून टाकतील तुला."

"काढू देत!" असं म्हणाले खरं, पण त्या शब्दानं माझंच धाबं दणाणलं. सात वर्षं मी खिडकीतून शाळेची बस बघत घालवली होती. हे काम गेलं असतं तर मी पुन्हा त्याच खिडकीशी उभी राहिले असते. आणि तरीही सारखा डोळ्यासमोर येत होता तो काकूंचा गळा. मान मागे टाकलेला, सुरकुतलेला, जेलनं चकाकणारा, आणि त्याच्या आत ते पांढरे ठिपके. ते ठिपके काय आहेत हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. सुई टोचल्याशिवाय कळणारही नव्हतं, आणि सुई माझ्यामुळे टळली होती. त्यात काही वाईट असेल आणि वाढत असेल तर? नोकरीचं मी काहीतरी बघितलं असतं. याचं काय बघणार होते?

रविवारभर मी घर साफ केलं. नवऱ्याशी दोनदा भांडले, एकदा भांडी लावण्यावरून आणि एकदा काहीच कारण नसताना. सोमवारी सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी इन्स्ट्रक्टरच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी मला भांडता येतं. तिने खुर्ची पुढे केली, मला बसवलं आणि एकच प्रश्न विचारला.

"तू हे म्हणालीस, तेव्हा गाठ तुला दिसली होती का नाही?"

"दिसली होती," मी म्हटलं.

ती स्वतःचा उजवा खांदा चोळू लागली. "मी तिथेच उभी होते," ती म्हणाली. "मला वाटलं, तू तिला गिळू नको म्हणतेयस. तुझा आवाज किती प्रेमळ होता." मग तिने फोन उचलला. आधी रेडिऑलॉजीच्या ऑफिसला, मग काकूंच्या डॉक्टरकडे. रुग्णाचा गैरसमज झाला आहे, विद्यार्थिनीनं चुकीचं सांगितलं आहे, आज तिला कुणीतरी स्वतः फोन करा आणि मराठी दुभाषी मिळेपर्यंत थांबा, हिंदी चालणार नाही. हे सगळं ती माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता बोलली. मला तिथेच रडू फुटलं. भीती होतीच, पण त्याहून जास्त होतं ते सुटल्याचं रडू. शनिवारपासून काकूंची काळजी एकटीच्या डोक्यावर घेऊन फिरत होते, ती आता दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेली होती.

"आता पुढचं ऐक," ती म्हणाली. "कॉलेजात तुझ्याबद्दल मीटिंग होईपर्यंत तू हॉस्पिटलात यायचं नाहीस. आणि त्या बाईचं पुढे काय झालं, हे तुला कळणार नाही. विचारायचं नाही, रेकॉर्ड उघडायचं नाही, त्यांच्या घरी फोन करायचा नाही."

तीन आठवडे मी फक्त कॉलेजच्या वर्गात बसत होते. मीटिंगमध्ये तीन माणसांनी मला तेच तेच विचारलं आणि मी तेच तेच सांगितलं. एकीनं विचारलं, तुमच्या संस्कृतीत असं बोलतात का? मी म्हटलं, बोलतात, पण त्या खोलीत ते मी बोलले. शेवटी मला ठेवलं. बुडालेले तास उन्हाळ्यात भरून द्यायचे, एक लेखी नोंद कायम राहील, आणि पुन्हा असं झालं तर संपलं. नवऱ्यानं त्या संध्याकाळी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून जिलबी आणली. त्याचा जीव भांड्यात पडला होता. माझा पूर्ण पडला नव्हता. जिलबी खाताना मी विचार करत होते, काकू गेल्या असतील का? आणि गेल्या असतील तर काय निघालं?

कळायला काही मार्गच नव्हता. एकदा दुकानात ती सून दिसली. तिने मला पाहिलं आणि दुसऱ्या रांगेत वळली. मी हातातली मेथी तशीच ठेवून बाहेर आले. काकू चिडल्या असणार, हे उघड होतं. आपली म्हणून विश्वास टाकला आणि हिने साहेबांकडे जाऊन आपलं नाव सांगितलं, असंच त्यांना वाटलं असेल. ते मला मान्य होतं. पण चिडून का होईना, त्या गेल्या का, एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं. रात्री मुलगी विचारायची, "आई, व्हाय आर यू सो क्वायट?"

मे महिन्यात बुद्ध पौर्णिमेला सगळे एका पार्कात जमले. लाकडी छपराखाली वंदना झाली, खिरीची पातेली उघडली. मी जाणार नव्हते, नवऱ्यानं जवळजवळ ओढत नेलं. आणि तिथे काकू होत्या. पांढरी साडी, तेच स्नीकर्स. माझी नजर सरळ त्यांच्या गळ्याकडे गेली. गळ्यावर काही नव्हतं. ना पट्टी, ना खूण. पण त्यावरून काय समजणार? गेल्या असतील आणि खूण बुजली असेल, किंवा गेल्याच नसतील.

काकू सरळ माझ्याकडे आल्या. मागे सून होती आणि जयंतीच्या वेळच्या त्यातल्याच दोन बायका.

"झाली व तपासणी," काकू म्हणाल्या. "काही नाही निघालं. कॅन्सर नाही. एक वर्षानं परत पाहतो म्हणे." मग मागे वळून त्या बायकांना म्हणाल्या, "या पोट्टीनं तं मार्चमध्येच सांगतलं होतं मले. सगळं ठीक हाय म्हणून. जसं म्हटलं तसंच निघालं."

"नजर आहे हिच्याकडे," त्यातली एक म्हणाली.

काही नाही निघालं. हे तीन शब्द मी मनात कितीदा तरी म्हणून पाहिले असतील, पण काकूंच्या तोंडून ऐकल्यावर छातीवरचं सगळं ओझं एकदम उतरलं आणि मी मोठ्यांदा हसले. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की आता फक्त मान डोलवायची आहे. मान डोलवली की मी हुशार, मी नजरेची, काकू खूश, सून खूश, सगळं मिटलं.

बायका खीर घ्यायला गेल्या. मी काकूंना बाकड्यावर बसवलं आणि शेजारी बसले.

"काकू, मी बरोबर नव्हतं सांगितलं," मी म्हटलं. "मला तेव्हा गाठ दिसत होती. ती मला बरी वाटली नव्हती. तरी मी तुम्हाला ठीक आहे म्हणाले. ते खोटं होतं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पदरानं कपाळ पुसलं.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या.

"काय मालूम आहे?"

"बोलता बोलता तुझा हात थांबला होता माझ्या गळ्यावर. तोंड बोलत होतं अन् हात थांबला होता. मी तीस वर्षं अंगणवाडीत होती, बाई. नर्स सुया घेऊन आली का लेकरं मलेच धरा लागे. काही नाही होत, काही नाही होत, असं म्हणत जावो मी, अन् हातानं त्याले कचकचून धरत जावो. लेकराले हातच समजते. मले नाही समजणार?"

"मग कॅन्सल का केलंत?"

"सुईचं भेव. माझ्या लेकरायले टोचलेल्या हजार सुया पाहल्या मी, पण सोताले नाही पाहिजे होती. तू ठीक म्हटलं, तं मी तेच घेऊन बसली. कोणी विचारलं का तुझं नाव पुढं करो." त्या जरा थांबल्या. "तू जाऊन सांगतलं, तवा राग आला होता तुझा मले. पंधरा दिवस सुनेले तुझं नाव नाही घेऊ देलं. पण डॉक्टरचा फोन आला, मराठीतून आला, तं मंग कोणाचं नाव पुढं करू? जाव लागलं."

मी बाकड्यावर त्यांच्या आणखी जवळ सरकले.

"तिथं एक डॉक्टरीण होती," काकू म्हणाल्या. "फोनवरच्या बाईकडून मले विचारलं, भेव लागते का? म्हटलं, हो. तं ते म्हणते, सुई गेली का दुखन. थोडंसं, पण दुखन. अन् दुखलं, बाई. जसं म्हटलं तसं दुखलं. लय बरं वाटलं मले."

एवढं सांगून काकूंनी माझा हात हातात घेतला. या वेळी त्यांनी तो घट्ट धरला नव्हता. समोर पोरं गवतात पळत होती, कुणीतरी खिरीचे वाडगे घेऊन आमच्याकडे येत होतं, आणि मी काकूंच्या शेजारी बसून पोटभर रडले.